पाणंदीचे शेवटचे दोन किलोमीटर : ऑल-व्हील-ड्राइव्ह पुरेल की लो गिअरवाली फोर बाय फोरच घ्यावी?

तिलारीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी ठरवायची आहे. तीन शोरूममध्ये तीन उत्तरं मिळाली, त्यातली कोणतीच दोन एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून इथे विचारतो.

वापर असा. चंदगड तालुक्यात काजूची बाग, कोल्हापुरातून महिन्याला तीन-चार फेऱ्या. डांबर संपल्यावर दोन किलोमीटर पाणंद. त्यातला पहिला दीड किलोमीटर सपाट, तांबडी माती, ट्रॅक्टरने पाडलेली खोल चाकोरी, जून ते ऑक्टोबर चिखल. मग एक ओढा: तळाला गोटे, पाऊस नसेल तेव्हा पाणी गुडघ्याच्या खाली. ओढा ओलांडला की साधारण १५० मीटरची चढण. तिथे जांभा उघडा पडलाय आणि मध्येच पाण्याने कापलेली तिरकी घळ आहे. घळीत गाडीचं एक चाक अधांतरी होतं.

बाकी ९० टक्के वापर डांबरावर. घरात दोन वयस्कर माणसं, त्यांना उंच पायरी चढवत नाही.

डोळ्यांसमोर ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप, जिम्नी आणि थार डिझेल फोर बाय फोर आहेत. ग्राउंड क्लिअरन्स पहिल्या दोघींचा २१० मिमी, थारचा २२६. मग फरक नेमका कशात पडतो? ऑल-व्हील-ड्राइव्हमध्येही चारही चाकांना जोर मिळतोच ना?

---

क्राउनपिनियन

तुमच्या प्रश्नातला कळीचा शब्द 'अधांतरी'. चिखल आणि ओढा नंतर बघू. चाक उचललं गेल्यावर कोणती गाडी काय करते, तेवढं कळलं की निवड जवळजवळ झालीच.

आधी नावांचा घोळ. ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप आणि जिम्नीची ऑलग्रिप प्रो, नावं सख्ख्या बहिणींची वाटतात, पण आतली यंत्रणा सर्वस्वी वेगळी. ग्रँड व्हिटारा मुळात पुढची चाकं ओढणारी गाडी. गिअरबॉक्सला चिकटून बेव्हल गिअरचा एक छोटा डबा, तिथून मागे शाफ्ट, आणि मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरसंचाच्या) तोंडाशी तेलात बुडालेला चकत्यांचा क्लच. कॉम्प्युटर हा क्लच लागेल तसा आवळतो. पुढची चाकं घसरायला लागली की मागे जोर जातो. लॉक मोडमध्ये तो आधीच आवळून ठेवतो, पण तेही कमी वेगापुरतंच.

जिम्नी, थार आणि फोर्सच्या गुरखामध्ये इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे जोर वाटणारा डबा. लिव्हर फोर-एचला (चारही चाकं, नेहमीचे गिअर) टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट दातांनी एकमेकांत अडकतात. घसरायला तिथे क्लचच नाही, त्यामुळे तापायलाही काही नाही. लो गिअरची जोडीही याच केसमध्ये.

आता अधांतरी चाक. साधं डिफरन्शियल डाव्या-उजव्या चाकांना कायम सारखाच जोर देतं. समजा मागचं डावं चाक हवेत आहे, ते फिरवायला १०० न्यूटन-मीटर पुरतात. उजवं जांभ्यावर घट्ट बसलंय, ते ९०० पेलेल. तरी त्याला मिळणार १००च, कारण डावीकडे त्याहून जास्त लागतच नाहीत. डावं चाक भणभणत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. पुढे-मागे शाफ्ट अडकलेले असोत वा नसोत, एकाच एक्सलवरच्या दोन चाकांचं हे दुखणं फोर बाय फोरलाही चुकलेलं नाही.

यावर हल्लीच्या गाड्यांत ब्रेकचा इलाज असतो. कॉम्प्युटर फक्त त्या मोकळ्या चाकाचा ब्रेक दाबतो. समजा ३०० न्यूटन-मीटरने दाबला. आता डावं चाक फिरवायला ४०० लागतात, म्हणून उजव्यालाही ४०० मिळतात आणि गाडी हलते. हिशोब मात्र नीट बघा: एक्सलला पुरवले ८००, कामी आले ४००, ब्रेकने खाल्ले ३००. म्हणजे हा इलाज चालायचा तर गाडीजवळ चाकापाशी भरपूर जोर शिल्लक हवा, आणि तोही अगदी सावकाश चालताना.

तो जोर लो गिअर देतो. जिम्नी मॅन्युअलच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४.४२५, फायनल (डिफरन्शियलमधल्या शेवटच्या गिअरचं) ४.०९०, ट्रान्सफर केसचा लो २.००२. गुणाकार ३६.२. इंजिनाचे १३४ न्यूटन-मीटर चाकांपाशी पोचेपर्यंत सुमारे ४,८५० होतात (घर्षणात जाणारे वजा करून थोडे कमी). ८०० आरपीएमवर क्लच पूर्ण सोडलेला असताना गाडी ताशी २.९ किमीने सरकते, माणसाच्या सावकाश चालीपेक्षाही कमी. फोर-एचमध्ये हेच आकडे निम्म्या जोराचे आणि ५.८ किमीचे. थारचा लो तर २.४८ आहे, शिवाय डिझेलचे ३०० न्यूटन-मीटर.

लो गिअर नसलेल्या मध्यम एसयूव्हीत पहिला गिअर आणि फायनल यांचा गुणाकार साधारण १५ धरा. म्हणजे क्लच पूर्ण सोडून गाडी चालायचा सर्वांत कमी वेग ताशी ७ किमीच्या आसपास. जांभ्याच्या पायरीवर ७ किमी हा फार मोठा वेग आहे. त्याहून हळू जायचं तर क्लच अर्धा दाबून धरावा लागतो, आणि १५० मीटर अर्ध्या क्लचवर चढवलीत तर वर पोचेपर्यंत जळका वास येतो. नाहीतर धाव घेऊन चढवायची. धाव घेतली की घळीच्या काठावर सस्पेन्शनचा खालचा आर्म, बंपर आणि रिम ठोकली जातात.

थारच्या काही व्हेरिअंटमध्ये मागच्या एक्सलला यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल येतं. दोन चाकांच्या फेऱ्यांत साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की ते आपोआप अडकतं आणि दोन्ही चाकं एक होतात, ब्रेकचा घास द्यावा लागत नाही. बुकिंगच्या आधी तुमच्याच व्हेरिअंटला ते आहे हे लेखी घ्या. गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉक आहेत. तुमच्या घळीसाठी बाजारातली सर्वांत निश्चिंत यंत्रणा तीच.

ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यावर फार जाऊ नका. जिम्नीचे दोन्ही एक्सल सलग दांड्याचे. एक चाक दगडावर चढलं की दांडा त्याच्याबरोबर उचलला जातो आणि डिफरन्शियलचा गोळाही वर येतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाक वर जातं पण पोट तिथेच राहतं, आणि गाडी दबली तर उलट खाली येतं. चार माणसं आणि काजूची दोन पोती टाकल्यावर २१०चे २१० राहत नाहीत.

---

काळी_माती

क्राउनपिनियन यांचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. ९० टक्के डांबर, घरात वयस्कर माणसं, आणि गाडी ठरवायची ती १५० मीटरच्या चढणीवरून? चढण दुरुस्त करा की.

घळ पडली कारण पावसाचं पाणी रस्त्याच्या उतारावरूनच सरळ धावतंय. अर्धा दिवस जेसीबी लावा. घळीत आधी मोठा जांभ्याचा दगड, त्यावर लहान, वर मुरूम, आणि थर देताना जेसीबीच्या चाकानेच दाबून घ्या. नुसता मुरूम ओतलात तर पहिल्या पावसात वाहून जाईल. त्याहून महत्त्वाचं, दर १५-२० मीटरवर रस्त्याला तिरका उथळ चर काढा, खालच्या बाजूला मातीचा पसरट वरंबा ठेवा, आणि चराचं तोंड उतरत्या बाजूच्या झाडीत सोडा. पाणी रस्त्यावर जमायच्या आत बाहेर पडलं की घळ पुन्हा पडत नाही. चर फार खोल नको, नाहीतर गाडीचं नाक आपटेल. एका वितीच्या आत ठेवा. पाणंद सामाईक असेल तर बाजूच्या शेतकऱ्यांना विचारून करा, पाणी त्यांच्या बांधावर जायला नको.

एवढं केलंत की राहतो तो चिखल, आणि चिखलात ऑल-व्हील-ड्राइव्ह कमी पडत नाही. कमी पडतात ते टायर. कंपनीतून येणारे हायवे टायर तांबड्या चिखलात दोन फेऱ्यांत भरतात, नक्षी दिसेनाशी होते, मग चारही चाकं गुळगुळीत. कोणत्याही गाडीला पहिला खर्च एटी (ऑल-टेरेन, डांबर-माती दोन्हीला चालणाऱ्या) टायरचा. एमटीचा (मड-टेरेन, खास चिखलाच्या टायरचा) मोह नको: डांबरावर आवाज, पावसात ब्रेक लांब लागतो, आणि तुमचा ९० टक्के वापर तिथेच आहे.

हवा: डांबरावर ३३ पीएसआय असेल तर पाणंदीच्या तोंडाशी २२-२४ करा. टायर लांबट होऊन जास्त जागा धरतो. १८च्या खाली मात्र नको, वळताना रिमवरून कड सुटू शकते. परत डांबरावर आल्यावर हवा भरल्याशिवाय ४०च्या वर जाऊ नका. बारा व्होल्टचा पंप, जो थेट बॅटरीला चिमटे लावून चालतो, तोच घ्या. सिगारेट सॉकेटवाल्या पंपाने चार टायर भरायला फार वेळ लागतो आणि मध्येच फ्यूज जातो.

चाकोरीत पडू नका. ट्रॅक्टरचं मागचं चाक मोठं, त्याच्या पोटाखालची जागाही तुमच्या दुप्पट. त्याची चाकोरी तुमच्या गाडीला खड्डाच. एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर, दुसऱ्या बाजूची कडेच्या गवतावर ठेवून चला. लॉक मोड, दुसरा गिअर, ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर एकसारखा. ईएसपी चालू राहिला तर चाक घसरताक्षणी तो इंजिनाचा जोर कापतो आणि चिखलात गती गेली की संपलं.

हे सगळं तांबड्या मातीपुरतं. मराठवाडा-विदर्भातली काळी जमीन ओली झाली की ती टायरला चिकटून थर वाढतच जातो, चाक मडगार्डला घासतं, आणि मग थार असो की ग्रँड व्हिटारा, दोघींचीही बेरीज सारखीच. तिथे बैलगाडीसुद्धा वाफसा यायची वाट बघते.

---

क्राउनपिनियन

चर काढण्याची सूचना उत्तम, गाडी कोणतीही घेतली तरी करण्यासारखी. पण दीड किलोमीटरच्या चिखलाबद्दल एक धोका राहिला.

ऑल-व्हील-ड्राइव्हचा मागचा क्लच थोड्या थोड्या वेळासाठी घसरेल या हिशोबाने बनवलेला असतो: पावसातला घाट, ओला उतार, बर्फाचा पट्टा. पुढची चाकं सतत घसरत असताना मागे जोर पाठवत राहिलं की चकत्या आणि तेल तापतं. ठराविक तापमानाला कॉम्प्युटर क्लच मोकळा करतो. डॅशबोर्डवर दिवा लुकलुकतो आणि गाडी उरते नुसती पुढच्या चाकांची, तीही चिखलाच्या मधोमध. तसं झालं तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका. इंजिन चालू ठेवून थांबा, दिवा गेला की निघा. तेवढ्या वेळात हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा आणि चाकांपुढचा चिखल फावड्याने उपसा.

पुढच्या बेव्हलच्या डब्यात बऱ्याच गाड्यांत तेल अर्ध्या लिटरच्या आसपासच असतं. एवढंसं तेल वारंवार तापलं की काळं पडतं आणि गिअर आवाज करू लागतात. वर्षाला चाळीस फेऱ्या अशा रस्त्यावर होणार असतील तर तेलबदल मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यावर आणा.

---

घाटउतार

चढण दुरुस्त झाली तरी ऑगस्टमध्ये ती ओलीच असणार. म्हणून चढणं-उतरणं आणि ओढा याबद्दल.

उतार. लो गिअर नसलेली गाडी उतरताना हिल डिसेंट कंट्रोल वापरते, म्हणजे ब्रेकच एकामागून एक दाबत राहते. दीडशे मीटरला ठीक आहे. लो गिअरवाली असेल तर फोर-एलमध्ये (चारही चाकं, लो गिअर) पहिल्या गिअरला टाकून दोन्ही पाय पेडलवरून काढा. इंजिनच गाडी धरतं, चारही चाकांवर सारखं. ओल्या जांभ्यावर ब्रेक मारून एखादं चाक अडलं की ते घसरणारच, इंजिनाने धरलेलं चाक फिरत राहतं म्हणून दिशा हातात राहते. मध्येच क्लच दाबायचा नाही. दाबलात तर गाडी एकदम मोकळी सुटते.

चढताना गाडी अडली आणि इंजिन बंद पडलं तर गडबड करू नका. ब्रेक घट्ट, हँडब्रेक वर. क्लच दाबून रिव्हर्स टाका, इंजिन चालू करा, हँडब्रेक काढा, मग पायाचा ब्रेक हळूहळू सोडता सोडता क्लचही पूर्ण सोडा. गाडी रिव्हर्सच्या इंजिनब्रेकवर सरळ मागे उतरेल. चढणीवर गाडी वळवायचा प्रयत्न कधीही नको, आडवी झालेली गाडी कलंडते. पुढे तोंड करून चढायचं, रिव्हर्सने त्याच रेषेत उतरायचं.

तिरकी घळ सरळ नाकाने ओलांडू नका, दोन्ही पुढची चाकं एकदम आत पडतात आणि बंपर टेकतो. थोडा कोन ठेवून एकेक चाक उतरवा, म्हणजे तीन चाकं कायम जमिनीवर राहतील. जिम्नीचा पुढचा कोन ३६ अंश, म्हणून तिला इथे जास्त सूट मिळते. ग्रँड व्हिटाराचं नाक लांब आणि खाली आहे, तिथे ड्राइव्हचा प्रकार कोणता याने काही फरक पडत नाही.

ओढा. थारला कंपनीने ६५० मिमी पाणी चालेल म्हटलंय, गुरखाला ७००. हे आकडे साचलेल्या पाण्याचे. वाहत्या पाण्याला वेगळा न्याय. एका फुटाच्या जोरदार धारेत लहान गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक एसयूव्ही वाहून जातात. चारही चाकांना जोर असून काय उपयोग, चाकं टेकलेलीच नसतात. आधी काठी घेऊन पायी चालून बघा. पाणी गढूळ असेल आणि तळ दिसत नसेल, किंवा चालताना धार पायाला ढकलत असेल, तर गाडी अलीकडेच ठेवायची. चंदगडकडचा पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि खाली ऊन असताना ओढा चढतो, जाताना कमी असलेलं पाणी परतताना तेवढंच असेल असं नाही.

पाण्यात घालताना पहिला गिअर, फोर-एल, एकसारखा वेग. बंपरपुढे एक छोटी लाट तयार होते, तिच्या मागे मागे राहायचं. आत थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवा.

आणि लांबून आल्या आल्या लगेच पाण्यात शिरू नका. हायवेवरून आलेला एक्सल गरम असतो. थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते, ब्रीदरची (एक्सलमधली हवा ये-जा करण्याची) नळी चोंदलेली असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दहा-पंधरा मिनिटं थांबलात तर हे टळतं.

---

हिमपट्टा

मिशिगनहून लिहितोय, फक्त एक मुद्दा जोडतो. इथे हिवाळ्यात ऑल-व्हील-ड्राइव्ह लोकप्रिय आहे आणि ते योग्यही आहे, कारण रस्ता एका चाकाखाली कोरडा आणि दुसऱ्याखाली बर्फाचा असतो. यंत्रणेने स्वतःहून जोर इकडून तिकडे न्यावा लागतो. हाताने लावायचं पार्ट-टाइम फोर बाय फोर अशा रस्त्यावर त्रासदायक: कोरडा पट्टा आला की काढा, बर्फ आला की लावा.

पण चारही चाकांचा जोर गाडी निघताना आणि चढताना मदत करतो. थांबताना नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात, तिथे टायरच काय ते वाचवतो. मनाली-स्पितीला हिवाळ्यात जायचा विचार असेल तर हे डोक्यात ठेवा.

शिवाय ऑल-व्हील-ड्राइव्हला चारही टायर सारखे झिजलेले लागतात. सुबारूचा नियम असा की चार टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको. एक टायर जांभ्यावर फाटला आणि एकटा नवा टाकला, तर गाडीला वाटत राहतं की एक चाक कायम घसरतंय, आणि क्लच विनाकारण तापतो.

---

तिलारीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चरांचं काम दिवाळीनंतर काढतोय, ते पक्कं. गाडीत आता जिम्नी आणि थार उरल्या. नव्याऐवजी तीन-चार वर्षं चाललेली थार मिळतेय. वापरलेली फोर बाय फोर घेताना काय तपासायचं? आणि आंबोली घाटात पाऊस असताना डांबरावर फोर-एच लावून चाललं तर?

---

पाना_बारा_तेरा

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: घाटात डांबरावर फोर-एच नको. पार्ट-टाइम यंत्रणेत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, पण वळणावर पुढच्या चाकांना लांबचा वळसा पडतो. जिम्नीचा व्हीलबेस २.५९ मीटर. मागच्या एक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळत असेल तर पुढच्याचा ५.६३ मीटरने वळतो, म्हणजे पुढच्या चाकांना सुमारे १२.६ टक्के जास्त अंतर. चिखलात हा फरक चाक घसरून भागतो. डांबरावर चाक घसरत नाही, मग तो पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि ट्रान्सफर केसच्या दातांत साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळताना अडल्यासारखी करते, आणि लिव्हर टू-एचला (नुसती मागची चाकं) यायचं नाव घेत नाही. जोर लावून ओढू नका. सरळ रेषेत पाच-दहा मीटर मागे घ्या, पीळ सुटला की लिव्हर लोण्यासारखा येतो. संततधारेत, रस्ता पूर्ण ओला असताना, सरळ भागात फोर-एच लावलं तर लगेच काही मोडणार नाही, पण घाटातल्या हेअरपिन वळणांवर तेही नको.

हे ऑल-व्हील-ड्राइव्हचं खरं बलस्थान आहे. पावसातल्या घाटात ती काही न करता सुरक्षित चालते.

लिव्हरबद्दलच अजून एक. जिम्नीत टू-एच ते फोर-एच १०० किमीच्या खाली, चाकं सरळ असताना, चालत्या गाडीत चालतं. फोर-एलला मात्र गाडी पूर्ण थांबवूनच: मॅन्युअलमध्ये क्लच दाबून, ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रलला घेऊन. दात एकमेकांवर आले तर लिव्हर अडतो, गाडी अर्धा फूट सरकवून पुन्हा टाका.

आता वापरलेली थार. पहिली गोष्ट, ती फोर बाय फोर आहे का ते बघा. २०२३पासून थार नुसत्या मागच्या चाकांचीही येते, आणि बाहेरून पटकन ओळखू येत नाही. गिअर लिव्हरशेजारी दुसरा लिव्हर आहे का, आणि आरसीवर काय लिहिलंय, दोन्ही पाहा. रॉक्सचा (पाच दारांच्या थारचा) विचार मनात आला तर तिथे फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये.

मग मातीच्या रस्त्यावर न्या, डांबरावर तपासू नका. थांबवून फोर-एल टाका. दिवा लागायला हवा आणि पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडल्यावर गाडी रांगायला हवी. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. पुढून टक-टक आवाज आला तर ड्राइव्हशाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेलाय. रबरी बूट फाटलेलं असणारच, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. बूट वेळीच बदललं तर थोडक्यात भागतं, जॉइंट गेला की खर्च वाढला. नंतर सपाटीवर टू-एचमध्ये पहिल्या गिअरवरून रिव्हर्स, रिव्हर्सवरून पहिला, असं दोन-तीनदा करा. खालून 'ठक्' आलं तर शाफ्टचा क्रॉस किंवा डिफरन्शियलची ढिलाई.

मागचं लॉकिंग असेल तर तेही बघता येतं. एक मागचं चाक ओल्या गवतात किंवा चिखलात, दुसरं कोरड्या जमिनीवर ठेवा, गाडी टू-एचमध्ये, हलका जोर द्या. घसरणारं चाक थोडं फिरून 'खट्' आवाज होऊन दुसरं चाकही धरायला हवं. तो आवाज बिघाडाचा नाही, लॉक बसल्याचा.

गाडी लिफ्टवर घ्या. तीन ठिकाणी तेलाचे बोल्ट असतात: पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल, ट्रान्सफर केस. भरायचा बोल्ट आधी सैल होतो का ते बघा, मगच सोडायचा बोल्ट उघडा. नाहीतर तेल खाली आणि भरायला तोंडच नाही. तेल दुधासारखं, चहाच्या रंगाचं दिसलं तर आत पाणी गेलंय. बोल्टच्या चुंबकावर राखेसारखी बारीक पूड असेल तर ती नेहमीची झीज, पण नखाएवढा तुकडा मिळाला तर ती गाडी सोडा. ब्रीदरची नळी फुंकून मोकळी आहे का बघा. चॅसीच्या आतल्या बाजूला हात फिरवा, तांबडा वाळलेला चिखल भरपूर असेल तर गंज तिथूनच लागतो.

ओढायच्या हुकांची वाकण, वेल्डिंगच्या खुणा पाहा. गाडी अनेकदा रुतून झटक्याने ओढली गेली असेल तर तिथे दिसतं. पुढे तुम्हाला टोचन लावायची वेळ आली तर एवढं पाळा: पट्टा गाडीच्या चॅसीवरच्या हुकालाच, ट्रेलरच्या गोळ्याला कधीही नाही, तो तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो. शॅकल ४.७५ टनांचं, पिन पूर्ण आवळून पाव फेरी मागे. पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहायचं नाही. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना बंपरमध्ये फिरवून बसवायचा जो गोल हुक येतो, तो रस्त्यावर सावकाश ओढण्यासाठी असतो, चिखलातून झटका देऊन काढण्यासाठी नाही. आणि बंद पडलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह दोन चाकं उचलून नेणाऱ्या टोइंग गाडीवर चढवू नका, फ्लॅटबेडच बोलवा. फिरणाऱ्या मागच्या चाकांमुळे क्लच आणि शाफ्ट जातात.

घरच्या वयस्कर माणसांसाठी थारचा मागचा बाक बघून या. तीन दारांच्या थारमध्ये मागे जायला पुढची सीट वाकवून चढावं लागतं. जिम्नीला पाच दारं आहेत, पायरीही त्यामानाने खाली. काजूची पोती मागे टाकायची असतील तर जिम्नीची मागची सीट पाडल्याशिवाय जागा होत नाही, म्हणजे चार माणसं आणि पोती एकाच फेरीत जमणार नाहीत. दोघांनाही घेऊन शोरूममध्ये जा आणि त्यांना स्वतः चढून-उतरून बघू द्या.

---

तिलारीकाठ

रविवारी दोघांनाही घेऊन जातो. थार तपासायला लिफ्ट असलेलं गॅरेज गडहिंग्लजमध्ये मिळालंय. गाडी धुवायच्या आधीच आणा, असं विकणाऱ्याला सांगितलं आहे.

---

पाना_बारा_तेरा

हे बरं केलंत. जाताना टॉर्च आणि तेलाच्या बोल्टसाठी तांब्याचे नवे वॉशर बरोबर ठेवा. जुने वॉशर परत बसवले की दुसऱ्या दिवसापासून थेंब पडायला लागतात, आणि दोष तेल बघणाऱ्याच्या माथी येतो.